एका पटलाचा इतिहास

दोन भाषांच्या शेजाराने आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड लागते. एखादा शब्द कानावर पडला की त्याचा पलीकडच्या भाषेतला जोडीदार आपोआप मनात उभा राहतो, आणि त्या दोघांना शेजारी बसवून पाहिले की कधीकधी एरवी न दिसणारे काही दिसून जाते. या लेखाचा विषय मला असाच एका शब्दातून सापडला. स्त्रीच्या योनीमुखाशी असलेल्या एका लहानशा पटलाला मराठीत ‘कौमार्यपटल’ म्हणतात. आमच्या शेजारच्या कानडीत ‘कन्यापोरे’, हिंदीत ‘कौमार्य झिल्ली’. जर्मन लोक त्याला ‘कुमारिकेची चिमुकली त्वचा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, तर डच ‘कुमारिकेचा पडदा’ म्हणतात. नाकाला नाक म्हणताना किंवा गुडघ्याला गुडघा म्हणताना आपण त्या अवयवाच्या धन्याची चालचलणूक विचारात घेत नाही. हा एकच अवयव असा, की ज्याचे नाव ठेवतानाच भाषांनी निकाल देऊन टाकला.

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. फराळाच्या ताटाशेजारी पडलेला हा अंक घरातली लहानथोर सगळीच माणसे चाळतात, याची मला जाणीव आहे. परंतु रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, खटले आणि कर्ज सोसून, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक मराठीतच चालवले. तेव्हा असल्या विषयांवर मराठीत सभ्यपणे लिहिता येते हे आपल्याकडे केव्हाच सिद्ध झालेले आहे. शिवाय, या पटलावरून आपल्याच भागात संसार मोडले आहेत. मी तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. पण ही गोष्ट मुळात शरीराची कमी आणि पुराव्याची जास्त आहे. पुरावा कशाला म्हणायचे, तो कोणी मागायचा आणि कोणी द्यायचा, हा तर इतिहासाचाच प्रश्न आहे.

मुळात ते आहे काय?

आधी शरीराचे सांगते. मुलगी आईच्या पोटात असताना योनीमार्ग वरच्या आणि खालच्या अशा दोन भागांतून घडत जातो. हे भाग जेथे मिळतात तेथे एक पातळ पडदा राहतो. जन्माच्या सुमारास तो मधोमध उघडतो आणि त्याच्या कडेची झालर तेवढी उरते. ही झालर म्हणजेच हे पटल. ओठाच्या आतल्या बाजूस असते तशा ओलसर, लवचीक श्लेष्मल त्वचेची ती घडी असते. कोणाची वर्तुळाकार, कोणाची चंद्रकोरीसारखी, कोणाच्यात मधून एक पट्टी गेलेली, तर कोणाची चाळणीसारखी बारीक छिद्रांची. वयात येताना इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ती जाड आणि अधिकच ताणली जाणारी होते. घोडी, हत्तीण अशा इतर सस्तन प्राण्यांतही असले पटल आढळते. त्यांच्याकडे मात्र कोणी दाखला मागितलेला नाही.

लोकांच्या मनातले चित्र वेगळे असते. बाटलीच्या तोंडाला लावलेल्या लाखेच्या मोहोरेसारखे ते बंद असते आणि एकदाच, कायमचे फुटते, असे समजले जाते. साधा विचार केला तरी हे चित्र टिकत नाही. तोंड बंद असते तर मुलीची पाळी बाहेर आली असती कशी? हजार-दोन हजार मुलींमागे एखादीत पटल खरोखरच पूर्ण बंद असते; पण तो दोष असतो. अशा मुलीला वय होऊनही पाळी दिसत नाही आणि दर महिन्याला पोटात असह्य कळा येतात, कारण रक्त आत साठत राहते. छोट्या शस्त्रक्रियेने ती बरी होते. ‘मग लग्नाच्या वेळी काय?’ या धास्तीने ती शस्त्रक्रिया लांबवणे म्हणजे मुलीच्या जिवाशी खेळणे आहे, हे आईबापांनी ध्यानात ठेवावे.

पहिल्या समागमात रक्त येते का? काहींना येते, पुष्कळींना येत नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९९८ साली एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आपल्या ४१ सहकारी स्त्रियांना विचारून लिहिले, की त्यांतल्या ६३ टक्के स्त्रियांना पहिल्या वेळी रक्तस्राव झालाच नव्हता. पाहणी लहान आणि अनौपचारिक होती, पण उत्तर देणाऱ्या स्त्रिया वैद्यकीय पेशातल्या होत्या. जे रक्त येते तेही अनेकदा घाई, भीती आणि कोरडेपणा यांमुळे झालेल्या ओरखड्याचे असते. उलट बाजूचा पुरावा याहून बोलका आहे. २००४ साली अमेरिकेत ३६ गर्भवती किशोरींची तपासणी केलेल्या डॉक्टरांना त्यांतल्या फक्त दोघींच्या शरीरावर समागमाच्या निश्चित खुणा सापडल्या. पोटात मूल वाढते आहे आणि पटल काहीच सांगत नाही! जो साक्षीदार एवढ्या ढळढळीत गोष्टीची साक्ष देऊ शकत नाही, त्याच्या भरवशावर माणसे निवाडे करत आली.

पाहणारे आणि मानणारे

हे ज्ञान आजकालचे असते तर पूर्वजांना दोष देण्यात अर्थ नव्हता. पण ते जुने आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, ट्राजन आणि हेड्रियन या बादशहांच्या काळात, एफिससचा सोरानस नावाचा ग्रीक वैद्य रोममध्ये वैद्यकी करत होता. स्त्रीरोगांवरच्या आपल्या ग्रंथात त्याने स्वच्छ लिहून ठेवले आहे, की योनीत आडवा पडदा असतो आणि तो फुटल्याने वेदना होते ही समजूत चुकीची आहे. त्याने कारणेही दिली: शवविच्छेदनात असा पडदा सापडत नाही, आणि सळई आत घालून पाहिली तर तिला अडथळा होत नाही. रक्त येते ते घड्या ताणल्या जाऊन त्यांतल्या बारीक वाहिन्या तुटल्याने, असे त्याचे म्हणणे होते. ज्या ‘हायमेन’ या शब्दाने आजचे डॉक्टर हे पटल ओळखतात, तो शब्ददेखील ग्रीकांच्या तोंडी कोणत्याही पातळ पडद्यासाठी होता. मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्या गणाचे शास्त्रीय नाव याच शब्दावरून, त्यांच्या पातळ पंखांमुळे पडले आहे.

याच रोममध्ये, सोरानसच्या थोडे आधी, इ.स. ९१ च्या सुमारास, डोमिशियन बादशहाने कॉर्नेलिया नावाच्या व्हेस्टा देवीच्या मुख्य पुजारिणीला कौमार्यव्रत मोडल्याच्या आरोपावरून जिवंत पुरवले. तिला आपली बाजू मांडण्याची संधीही मिळाली नाही, असे धाकट्या प्लिनीच्या पत्रावरून समजते. रोमन दंतकथेतली तुकिया नावाची दुसरी पुजारीण अशाच आळातून सुटली ती टायबर नदीचे पाणी चाळणीतून न सांडता वाहून नेल्यामुळे. तिला तपासायला कोणी वैद्य बोलावल्याचे ती कथा सांगत नाही. चमत्कार मात्र मागितला गेला.

बायबलच्या जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात पुरावा चमत्कारावरून कपड्यावर आलेला दिसतो. नवऱ्याने आळ घेतला तर मुलीच्या आईबापांनी रात्रीचे वस्त्र गावच्या वडीलधाऱ्यांपुढे पसरावे. आळ खोटा ठरला तर नवऱ्याला दंड, खरा ठरला तर मुलीला दगडांनी ठेचून मरण. हा दंडक जसाच्या तसा चालवणे पुढच्या यहुदी धर्मपंडितांना जड गेले असावे. तल्मूदच्या चर्चेत इजेमुळे पटल फाटलेल्या मुलीचा वेगळा वर्गच त्यांनी मानला. म्हणजे चादर खोटे बोलू शकते, हे त्यांनाही ठाऊक होते.

मध्ययुगात पलीकडची बाजू बळकट झाली. अकराव्या शतकातला थोर हकीम इब्न सिना याने कुमारिकेच्या ठिकाणी नाजूक वाहिन्यांनी विणलेले पटल असते असे लिहिले, आणि त्याचा ग्रंथ युरोपात कित्येक शतके वैद्यकाचा आधार होता. ऑर्लिअन्सची जोन हिची अशी तपासणी दोनदा झाली. १४२९ मध्ये तिच्या बाजूच्या लोकांनी केली आणि १४३१ मध्ये रूआँच्या तुरुंगात शत्रूने. दोन्ही वेळा ती ‘निर्दोष’ ठरली. ३० मे १४३१ रोजी तिला जाळले ते जाळलेच. परीक्षेत उतरल्याने बाई वाचते, या समजुतीला इतिहासाचा आधार नाही.

पुढे विच्छेदन करणाऱ्यांचा काळ आला. आधुनिक शरीररचनाशास्त्राचा जनक व्हेसेलियस याने १५४० च्या दशकात मृतदेहांत हे पटल मुद्दाम शोधले आणि सापडल्याचे नमूद केले. त्याच शतकातला फ्रेंच शल्यवैद्य आंब्रवाज पारे याने पॅरिसच्या मोठ्या रुग्णालयात तीन ते बारा वर्षांच्या मुली तपासल्या आणि आपल्याला ते आढळले नाही असे लिहिले. दोघेही आपापल्या डोळ्यांशी प्रामाणिक होते. एकजण बारीक झालर पाहत होता, दुसरा ताणून बसवलेला पडदा शोधत होता. वादातून एक गोष्ट तरी निघायला हवी होती: ज्याच्या असण्यानसण्याबद्दलच मोठमोठ्या शल्यवैद्यांचे एकमत होत नाही, त्यावर सुईणींच्या साक्षीने न्याय करू नये. ती निघाली नाही.

आपल्या ग्रंथांत

आपल्याकडे काय होते? सुश्रुतसंहितेने योनीला शंखाच्या नाभीची उपमा दिली आहे, तिला तीन वळसे आहेत आणि तिसऱ्या वळशाशी गर्भाशय आहे असे म्हटले आहे. त्या वर्णनात कुठल्याही पडद्याची गाठ पडत नाही. मनुस्मृतीत ‘अक्षतयोनी’ हा शब्द येतो आणि तशी स्त्री पुन्हा संस्कारास पात्र आहे असे नवव्या अध्यायात म्हटले आहे. पण तेथे विवक्षा आहे ती समागम घडला की नाही याची. कोणी तपासून पाहावे असे तेथे सांगितलेले नाही. उलट आठव्या अध्यायात, द्वेषाने एखाद्या कन्येला ‘ही कन्या नव्हे’ असे म्हणणाऱ्याला, दोष दाखवता आला नाही तर शंभर पणांचा दंड सांगितला आहे.

महाभारत तर याहून मोकळे आहे. सूर्यापासून कर्ण झाल्यावरही कुंती कन्याच राहते. पराशरांच्या वराने सत्यवतीचेही तसेच होते. ययातीची मुलगी माधवी चार पुत्रांना जन्म देऊन पुन्हा कन्या होते. वनपर्वात सूर्य कुंतीला ‘कन्या’ शब्दाची फोड करून सांगतो, ती अशी, की जी इच्छा करायला स्वतंत्र ती कन्या. ज्या अहल्या, द्रौपदी, कुंती, तारा आणि मंदोदरी यांचे आमच्या आज्या रोज पहाटे स्मरण करत, त्या पाचही जणी विवाहिता. तरी त्या ‘पंचकन्या’. म्हणजे कौमार्य हा शब्द केवळ शरीराला चिकटलेला नव्हता.

पण आपली परंपरा निर्मळ होती आणि मळ बाहेरून आला, असे म्हणून मोकळे होण्याची सोय कौटिल्य ठेवत नाही. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या आर. शामशास्त्र्यांनी १९०९ साली छापून जगापुढे आणली. तिच्या चौथ्या अधिकरणात कन्याविषयक अपराधांचा अध्याय आहे. त्यात दुसरेच रक्त लावून फसवणाऱ्याला दोनशे पणांचा दंड सांगितला आहे. म्हणजे त्या काळीही रक्ताचा पुरावा मागितला जात होता, आणि मागितला जातो म्हटल्यावर तो बनवलाही जात होता. मात्र त्याच ठिकाणी कौटिल्याने मुलीवर खोटा आळ घेणाऱ्या पुरुषालाही तेवढाच दंड सांगितला आहे. हा अर्धा नियम आपण सोयीस्करपणे विसरलो. आज मोठ्या शहरांतले काही खासगी दवाखाने पटल शिवून देण्याची जाहिरात करतात. गिऱ्हाईक तेच, भीती तीच. दर मात्र वाढले आहेत.

साहेबाचे न्यायवैद्यक

इंग्रजी अमलात या समजुतीला पहिल्यांदा सरकारी शिक्का मिळाला. १८५६ साली नॉर्मन चेव्हर्सचा हिंदुस्थानासाठीचा न्यायवैद्यकावरचा ग्रंथ निघाला. देशी लोक खोट्या फिर्यादी फार करतात, हा संशय त्यात जागोजाग आहे. बाईच्या तोंडच्या शब्दापेक्षा तिच्या शरीरावरची खूण खरी, हे सूत्र या शास्त्राने घट्ट केले. १९२० मध्ये जयसिंग मोदींचे पाठ्यपुस्तक आले आणि पिढ्यान्‌पिढ्या आपले डॉक्टर व वकील त्यावर शिकले. आपल्याकडच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत ‘कौमार्याची लक्षणे’ असे प्रकरण असे. त्यात ‘खरी कुमारिका’ आणि ‘खोटी कुमारिका’ यांच्यातला फरक तक्ता मांडून दिलेला असे. योनीत दोन बोटे जातात का, हे पाहून ‘समागमाची सवय आहे’ असा शेरा डॉक्टर मारत, आणि न्यायाधीश तो वाचत.

तो शेरा काय करू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात चौदा ते सोळा वर्षांच्या एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. डॉक्टरने लिहिले: पटलावर जुन्या चिरा आहेत, दोन बोटे सहज जातात. सत्र न्यायालयाने तिला समागमाची सवय असल्याचे धरून आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे १९८३ साली कायदा बदलला. तरी फिर्यादी स्त्रीच्या ‘सर्वसाधारण अनैतिक चारित्र्या’वर बोट ठेवण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातले कलम जायला २००२ साल उजाडले.

त्याच १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका लग्नासाठी उतरली. वाग्दत्त वधूला वेगळा परवाना लागत नसे; ही बाई आधीच विवाहित असावी असा अधिकाऱ्यांना संशय आला. मग एका पुरुष डॉक्टरकडून तिची ‘कौमार्यचाचणी’ करण्यात आली. परत पाठवतील या धाकाने तिने संमतीच्या कागदावर सही केली होती. फेब्रुवारीत ही बातमी वर्तमानपत्रात फुटली, भारत सरकारने निषेध केला आणि ब्रिटनच्या गृहमंत्र्यांना ही प्रथा बंद करावी लागली. अशा दोनचारच घटना असतील असे तेव्हा सांगण्यात आले. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ब्रिटिश दप्तरे तपासून दाखवले, की १९७६ ते १९७९ या काळात भारतीय उपखंडात किमान ८० स्त्रियांवर हा प्रयोग झाला होता. त्यांत मुंबईच्या कचेरीचेही नाव आहे. हिंदुस्थानी नवरी म्हणजे कुमारिकाच असणार, हे गृहीत धरून त्यांनी कायदा राबवला. आपण जी समजूत घरात जपली, तिचाच उपयोग परक्या देशाच्या दारावर आपल्या लेकीबाळींना अडवायला झाला.

आपल्या दाराशी

आता आपल्या भागाकडे येते. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री नवरानवरीला पांढरी चादर देऊन खोलीत पाठवायचे, बाहेर पंचांनी बसायचे आणि सकाळी नवऱ्याला ‘माल खरा की खोटा’ असे सगळ्यांसमोर विचारायचे, अशी चाल होती. पूर्णतः गेलेली नाही. हे सांगताना दोन गोष्टी त्याच दमात सांगायला हव्यात. एक म्हणजे, हा समाज इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मजात ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींपैकी आहे. १९५२ साली तो कायदा गेला तरी शिक्का लवकर पुसला गेला नाही. कोर्टकचेरी आणि पोलीस हे ज्यांना केवळ शत्रू म्हणूनच ठाऊक होते, त्यांनी आपल्या पंचायतीला घट्ट धरून ठेवले यात नवल नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, या चालीविरुद्ध सर्वांत धीटपणे उभी राहिली ती त्याच समाजातली मुले. २०१७ च्या अखेरीस विवेक तमायचीकर या तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढून मोहीम सुरू केली. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीला एका लग्नात या गटातल्या मुलांना मारहाण झाली. त्यांनी माघार घेतली नाही.

या मुलांच्या हाती एक कायदा होता. नरेंद्र दाभोलकरांनी आपल्या अखेरच्या काळात, २०१३ साली, जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध आवाज उठवला. त्यांच्या हत्येनंतर ‘अंनिस’ने तो विषय लावून धरला आणि महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ मध्ये संमत होऊन २०१७ मध्ये अमलात आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये, कौमार्यचाचणी हा लैंगिक अत्याचाराचाच प्रकार मानला जाईल, असे महाराष्ट्राच्या गृहराज्यमंत्र्यांनी जाहीर केले.

आणि तरीही एप्रिल २०२१ मध्ये कोल्हापुरात फिर्याद नोंदली गेली. तिथल्या दोन सख्ख्या बहिणींची लग्ने नोव्हेंबर २०२० मध्ये बेळगावकडे झाली होती. चाचणीत एकीवर ठपका आला आणि दोघींनाही माहेरी धाडले, पुढे जातपंचायत बसवून काडीमोड करण्यात आला, असे त्या फिर्यादीत म्हटले होते. कोल्हापूर आणि बेळगाव! रोटीबेटीचे व्यवहार सीमेला जुमानत नाहीत, हा आम्हा सीमावासीयांचा अभिमानाचा विषय. चादरही सीमेला जुमानत नाही, हे मात्र आम्ही बोलत नाही. भाषेच्या प्रश्नावर आमच्या घरांतून तावातावाने वाद होतात. त्या दोन मुलींबद्दल किती घरांत बोलणे झाले?

कंजारभाट समाजाचे नाव घेतले म्हणून बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकू नये. आपल्या घरांत चादर पसरली जात नसेल, परंतु शंका पसरलेली असते. मुलीने सायकल, पोहणे, मल्लखांब यांतले काय करावे नि काय करू नये, हे सांगताना कितीदा याच पटलाची काळजी आपल्या बोलण्याआड असते? मुलगी पोटदुखीने कळवळत असताना डॉक्टरांनी आतून तपासू नये म्हणून आईच हात धरते, ती काळजी कोणत्या पंचांची?

पुस्तक बदलले, पुन्हा बदलले

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दोन बोटांची चाचणी स्त्रीच्या प्रतिष्ठेवर आणि खासगीपणावर घाला घालणारी ठरवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असे बजावले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच या चाचणीला वैद्यकीय आधार नाही म्हणून ती सर्वत्र बंद करावी असे म्हटले होते. फ्रान्सने २०२१ मध्ये कौमार्याचे दाखले देण्यावर बंदी घातली. हीथ्रोवाल्या ब्रिटननेही २०२२ मध्ये चाचणी आणि पटल शिवण्याची शस्त्रक्रिया या दोहोंना गुन्हा ठरवले. स्वीडनमधल्या लैंगिक शिक्षणाच्या संस्थेने २००९ मध्ये या अवयवाचे नावच बदलले. आता ते ‘योनीची झालर’ अशा अर्थाचे आहे.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले काम. तेथील न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अनेक वर्षे चिकाटीने अहवाल लिहून दाखवून दिले, की पाठ्यपुस्तकातली ‘कौमार्याची लक्षणे’ अशास्त्रीय आहेत. २०१९ साली महाराष्ट्राच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग अभ्यासक्रमातून काढला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, या चाचण्या अशास्त्रीय आणि अमानुष का आहेत हेच विद्यार्थ्यांना शिकवावे, असे ठरवले. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात पटल आणि कौमार्य यांचे न्यायवैद्यकीय महत्त्व पुन्हा येऊन बसले! गदारोळ झाला, सप्टेंबरमध्ये ते मागे घेण्यात आले. जुनी समजूत पुस्तकातून खोडली तरी एखाद्या मागच्या दाराने परत येते, याचे याहून ताजे उदाहरण कोणते हवे?

सोरानसने सळई घालून पाहिले आणि अडथळा नाही असे लिहिले, त्याला अठराशेहून अधिक वर्षे झाली. ज्ञान उपलब्ध नव्हते असे म्हणायला जागा नाही. ज्यांना निवाडा करायचा होता त्यांना पुरावा हवा होता, म्हणून त्यांनी एका झालरीला साक्षीदार केले. म्हणून नुसते शरीरशास्त्र सांगून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. उद्या एखादी अचूक चाचणी निघाली, तर ती न्याय्य होईल का? मुलाकडे कोणी दाखला मागत नाही, आणि मुलीकडे मागण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न त्या अचूकपणाने मिटत नाही.

सीमाभागातल्या आपल्या घरांतून मुली आता पुण्याला, बंगळुरूला, गोव्याला शिकायला नि नोकरीला जातात. त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ असते. त्यात एवढेही सांगावे, की तुझ्या शरीरात कुणाच्या विश्वासाची मोहोर लावलेली नाही. तिथे एक साधी त्वचेची घडी आहे, आणि ती तुझी आहे. मुलांना तर हे आधी सांगावे. लग्नाच्या रात्री नवऱ्याने काय विचारायचे हे पंचांनी शिकवण्याआधी त्याच्या आईने किंवा बापाने शिकवलेले बरे. ते जमत नसेल, तर हा अंक उघडा करून त्याच्या टेबलावर ठेवावा. पुढचे तो वाचील.